डाव्या पायाची चप्पल

आमच्या मार्केटच्या जमादाराबद्दल कुणी विचारलं की मी आधी विचारते, जुने की नवा? जुन्या जमादारांबद्दल मी दिवसभर बोलू शकते. नव्याबद्दल बोलायचं तर आधी दोन शिव्या हासडाव्या लागतात, मग जरा मोकळं वाटतं. पण आज त्याच्याबद्दलच सांगते, कारण जुने गेले आणि आता जे काय आहे ते ह्याच्या हातात आहे.

माझं बटणांचं दुकान आहे. बटणं, चेन, लेस, हुक, रंगीत दोरे. गेटातून आत आलात की उजव्या हाताला मी आणि डाव्या हाताला जमादाराची चौकी. चौकी म्हणजे काय, एक स्टूल, एक टेबल, भिंतीवर खुंट्यांची फळी आणि दाराला कुलूप. बाजूने एक अरुंद लोखंडी जिना वर जातो. वर एक खोली, खोलीला एक खिडकी, आणि खिडकी बरोब्बर माझ्या गल्ल्यासमोर. ती खोली जमादाराच्या नोकरीबरोबर मिळते. नोकरी आहे तोवर खोली, नोकरी गेली की त्याच दिवशी सामान खाली. मार्केट उभं राहिलं तेव्हापासूनचं ठरलेलं आहे ते.

आता तुम्ही म्हणाल, मार्केटला जमादार कशाला, पोलीस नाहीत का? आहेत की. पण आमच्या दुकानदारांना पोलिसांचं वावडं. एक रुमाल चोरीला जायचा आणि पोलीस अर्धा दिवस दुकान बंद ठेवून जबाब घेत बसायचे. म्हणून सगळ्यांनी मिळून आपला माणूस ठेवला. खाकी कपडे, पितळी बिल्ला, शिट्टी, काठी. अधिकार काडीचा नाही. पण जुन्या जमादारांनी शिट्टी तोंडाला लावली की हमाल डोक्यावरच्या गठ्ठ्यासकट जागच्या जागी थांबायचे.

त्यांची एक पद्धत होती. चोर सापडला की मारायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही, नाव-गाव लिहायचं नाही. हळूच खांद्यावर हात ठेवून त्याला चौकीत न्यायचं, आणि त्याची डाव्या पायाची चप्पल काढून खुंटीला अडकवायची. मग म्हणायचं, जा घरी, आणि घरचं मोठं माणूस घेऊन ये, त्याच्या हातात देतो. एक पाय अनवाणी घेऊन माणूस भर मार्केटमधून चालला की ज्याला कळायचं त्याला कळायचं. मग बाप यायचा, नाहीतर सासू यायची, कुणाची थोरली बहीण यायची. जमादार त्यांना स्टुलावर बसवायचे, काय झालं ते हळू आवाजात सांगायचे आणि चप्पल कागदात गुंडाळून द्यायचे. आणि ज्याचं कुणी यायचं नाही, त्याच्या घरी संध्याकाळी स्वतः जायचे चप्पल घेऊन. एकही चप्पल त्यांनी रात्रभर ठेवून घेतली नाही. माणूस उद्या कामावर कसा जाईल, असं म्हणायचे.

दुसरी एक सवय. दुकानं बंद व्हायच्या सुमाराला कापडी पिशवी घेऊन एक फेरी मारायचे. कुणाचं काही, कुणाचं काही परत द्यायचे. मला कधी बटणांचं कार्ड, कधी दोऱ्याचं रीळ. म्हणायचे, "हे खाली पडलं होतं." मी म्हणायची, काय मेली मी वेंधळी, दिवसभर सांडतच असते. ते हसायचे आणि पुढे जायचे.

जमादार आणि काकूंना मूल नव्हतं. काकू म्हणजे त्यांची बायको, सगळं मार्केट त्यांना काकूच म्हणतं. भावाचा मुलगा लहानपणीच पोरका झाला, त्याला ह्या दोघांनी वाढवला. जमादार त्याला पाहुणा म्हणायचे. जेवायला घरी, झोपायला घरी, बाकी घराशी संबंध नाही. मग सगळेच त्याला पाहुणा म्हणायला लागले, आणि ह्याला त्याचं काही वाटेना. पोरगा वाईट नव्हता हो. व्यसन नाही, मारामारी नाही. कुठलंही काम सांगा, तोंड भरून 'हो मावशी' म्हणायचा, आणि ते काम तिथेच संपायचं. छापखान्यात लावला, तिथून गेला. औषधांच्या दुकानात लावला, तिथे दुपारी शटर ओढून आत झोपला. एकदा काकूंनी सायकल देऊन गॅसची टाकी आणायला पाठवला, तर दुसऱ्या दिवशी आला. टाकी नाही, आणि सायकलही नाही. जमादार नुसते कपाळाला हात लावून जिन्यावर बसले.

एका दुपारी मी त्यांना चहा द्यायला चौकीत गेले तर ते टेबलावर डोकं टेकून बसले होते. पुढ्यात एका पोरीची चप्पल आणि अर्धा गुंडाळलेला कागद. मला वाटलं डोळा लागला. चहा ठेवला, हाक मारली, हात लावला, तर अंग गार. सांगवत नाही मला अजून.

कमिटीची बैठक पडदेवाल्या शेठच्या दुकानात झाली, तेच अध्यक्ष. शेठ म्हणाले, दुःख आम्हालाही आहे, पण गेट उघडं पडलंय. घरातला कुणी उभा राहत असेल तर नोकरी घरात राहू दे, खोलीही राहील. नाहीतर माणसं पुरवणारी एक कंपनी केव्हाची मागे लागलीय. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. इतकी वर्षं त्या खोलीत काढलेली बाई, दुसरीकडे जायला उंबरठा नाही. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हा करेल." पाहुणा मोबाइल बघत होता. सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे का वळल्या म्हणून त्याने आधी मागे वळून पाहिलं, मागे पडद्यांशिवाय कुणी नव्हतं. मग तोंड भरून 'हो' म्हणाला.

तो हो माझ्या चांगल्या ओळखीचा होता, खोटं कशाला बोलू.

जमादारांचा डगला त्याच्या अंगावर घातला तर आत अजून एक पाहुणा मावला असता. मी बटणं सरकवून दिली, बाह्या आत घेतल्या. दोन-चार दिवस आरशात बघून शिट्ट्या मारल्या साहेबांनी. मग चौकीला कुलूप आणि जमादार बेपत्ता. कधी छत्रीवाल्याच्या गोदामात पत्ते कुटत बसलेला, कधी गच्चीवर मोबाइल घेऊन आडवा. गिऱ्हाइकांची भांडणं व्हायची, पाकिटं मारली जायची, आणि आम्ही दुकानदार आमच्याच राखणदाराला शोधत हिंडायचो. चपलांचा भाग मात्र त्याला फार आवडायचा. चप्पल काढून घ्यायला मिनिट लागतं. परत करायला बसून राहावं लागतं, बोलावं लागतं, कुणाच्या तरी घरी चालत जावं लागतं. ते कोण करतो? बाप यायचे, सासवा यायच्या, चौकीला कुलूप बघून परत जायच्या. ज्या खुंट्या संध्याकाळी रिकाम्या असायच्या त्यांच्यावर डाव्या पायाच्या चपला लोंबकळायला लागल्या. मी म्हटलं, "अरे, काका एकही ठेवून घ्यायचे नाहीत." तर म्हणे, "उद्या देतो, मावशी."

काकू पहिल्यापासून दुपारची खाली चक्कर मारायच्या, त्या दिवसांत रोजच यायला लागल्या. ह्या दुकानात जरा टेक, त्या दुकानात जरा हात लावून बघ. आम्हाला बरंच वाटायचं, बाई खोलीत कोंडून घेत नाही म्हणून. कधी एखादी गोष्ट दोनदा सांगायच्या, कधी मला माझ्या आईच्या नावाने हाक मारायच्या. वय झालं, वर नवरा गेलेला. आम्ही कानाडोळा केला.

आणि त्याच दिवसांत दुकानांतून वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. मोठं काही नाही. मोजे, रुमाल, दाढीचा ब्रश, कंगवा, माझ्याकडची खाकी बटणांची कार्डं. रोज कुणाचं तरी काहीतरी. सगळे म्हणायला लागले, जुने जमादार होते तेव्हा हे असलं नव्हतं. शेवटी पडदेवाल्या शेठने पाहुण्याला बोलावून सरळ सांगितलं, महिना संपायच्या आत चोर धर, नाहीतर बिल्ला टेबलावर आणि सामान गेटाबाहेर.

त्या दिवशी तो माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. तोंडचं पाणी पळालेलं. म्हणाला, "मावशी, मी कुठेही पडून राहीन हो. काकूला घेऊन कुठे जाऊ?" आयुष्यात पहिल्यांदा ह्या पोराला दुसऱ्या कुणाची काळजी करताना पाहिलं मी. मला गलबलून आलं. म्हटलं, पत्ते सोड, मोबाइल घरी ठेव, आणि काका करायचे तसं सकाळपासून उभा राहा.

आणि राहिला की उभा. सकाळी सगळ्यांच्या आधी गेटात. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशव्यांवर नजर. पण काका ज्यांच्याकडे बघायचे त्यांना ओळखायचे, ह्याला सगळेच चोर दिसायला लागले. आमची झाडूवाली होती, पहाटेपासून मार्केट झाडायची. एकटी बाई, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही. एका सकाळी ती गेटातून बाहेर पडताना तिच्या पदराच्या गाठीत ह्याला पुरुषी मोज्यांचा नवा कोरा जोड दिसला, लेबलासकट. बस्स. ह्याने शिट्टी फुंकली. चौकीत नेलं नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. भर चौकात, सगळ्यांच्या देखत, तिला एका पायावर उभं करून चप्पल ओढून काढली. ती म्हणत होती, मला काकूंनी दिले, ह्यांना लहान होतात म्हणाल्या. ते ऐकून हा अजूनच पेटला. मेलेल्या माणसाचं नाव घेतेस, वर माझ्या काकूवर घालतेस? लोकांनाही तेच वाटलं. खरं सांगायचं तर मलाही. काकू कशाला मोजे वाटत सुटतील?

ती दुपारी चप्पल मागायला आली. हा म्हणाला, घरचं मोठं माणूस आण. ती म्हणाली, "घरात मीच मोठी आणि मीच लहान. मी कुणाला आणू?" हा म्हणाला, मग संध्याकाळी मी आणून देतो. संध्याकाळी कमिटीने ह्याला चहा पाजला, पाठ थोपटली, नोकरी पक्की केली. त्या आनंदात कोण कुठे जातो चप्पल द्यायला? ती दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतरही आली नाही. चप्पल मात्र राहिली, टाचेशी झिजलेली, अंगठ्याला सुतळीने बांधलेली.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्याने मला वरून हाक मारली. आवाज असा की मी गल्ला उघडा टाकून जिना चढले. त्याला सणकून भूक लागली होती म्हणून तो अवेळी वर आला होता, आणि काकू खाटेखालची ट्रंक उघडून बसल्या होत्या. ट्रंकेत मोजे, रुमाल, कंगवे, ब्रश, साबण, सगळं नवं कोरं, घड्या घालून. वर माझी बटणांची कार्डं. माझ्या अक्षरात भाव लिहिलेली. काकू आम्हाला बघून हसल्या. म्हणाल्या, "बघ गं, ह्यांच्या डगल्याची बटणं सारखी तुटतात. म्हणून आणून ठेवली."

मी जमिनीवरच बसले. ती कापडी पिशवी माझ्या डोळ्यांसमोर आली. ते 'खाली पडलं होतं' आलं. किती वर्षं तो माणूस रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून बायकोचं उचललेलं परत ठेवत फिरला असेल, आणि वर हसत असेल. कुणाला म्हणजे कुणाला कळू दिलं नाही. आणि ती झाडूवाली खरं बोलत होती.

जिन्यात आल्यावर मी पाहुण्याला सुनावलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता शेठकडे जा, खरं काय ते सांग, आणि त्या बाईची चप्पल तिच्या घरी नेऊन दे, तिचे पाय धर. तो रडत होता. म्हणाला, "सांगितलं की खोली गेली, मावशी. जमादाराच्या घरातच चोर, मग कोण ठेवेल?" मी म्हटलं, काका काय करायचे? तू रोज संध्याकाळी परत ठेव. तो म्हणाला, काकांना कुणी विचारायचं नाही. माझ्या हातात पिशवी दिसली की मलाच धरतील. खरंच धरलं असतं.

तरी तो गेला होता हो. मी बघितलं. पडदेवाल्या शेठच्या दुकानाची पायरी चढला, दारात उभा राहिला, शेठ कुणाला तरी पडदे दाखवत होते. हा थोडा वेळ थांबला आणि परत आला. म्हणाला, उद्या सांगतो. मी जाऊ शकले असते. गेले नाही. काकूंना घेऊन राहायला माझ्याकडे तरी कुठे जागा आहे, पोटमाळ्यावर मी आणि माझी लेसची खोकी. झाडूवालीचं घर शोधायला मात्र गेले. शेजारीण म्हणाली, गेली ती, कुठे ते सांगितलं नाही.

काकूंना आवरायचं कसं हा प्रश्न राहिलाच. मला वाटलं आता हा दाराला कुलूप घालणार, आणि मी भांडायच्या तयारीत होते. पण त्याने कुलूप घातलं नाही. एका सकाळी डगला घालून, बिल्ला लावून वर गेला, काकूंसमोर खाली बसला आणि त्यांच्या डाव्या पायातली चप्पल काढली. म्हणाला, "घरचं मोठं माणूस आलं की परत मिळेल." आणि ती चौकीत नेऊन खुंटीला अडकवली, झाडूवालीच्या शेजारी.

त्या दिवसापासून काकू खाली उतरल्या नाहीत. कुलूप लागतच नाही. जमादाराची बायको ती, सारा जन्म ह्या नियमावर काढलेला. चप्पल काढून घेतली म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय, आणि घरचं माणूस येईपर्यंत आपण थांबायचं, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं आहे. बाकी सगळं पुसत चाललंय, हे एक पुसत नाही. सकाळी पदर नीट करून खिडकीत बसतात आणि गेटाकडे बघत राहतात.

मार्केटमधल्या चोऱ्या थांबल्या. शेठ सगळ्यांना सांगतात, पोरगा काकाच्या वरताण निघाला, उगाच नावं ठेवत होतो. पत्ते सुटलेत, मोबाइल खिशात असतो. काकूंचं जेवण दोन्ही वेळेला वर नेतो, औषध विसरत नाही. उभ्या आयुष्यात ह्या माणसाने हे एकच काम नेटाने चालवलंय. मला त्याचा राग येतो आणि लगेच वाटतं, दुसरं काय करणार होता तो. पुन्हा राग येतो. डगला आता त्याला घट्ट व्हायला लागलाय, परवा बटणं परत बाहेर सरकवून मागत होता. मी दिली करून.

काल माझ्याच्याने राहवलं नाही. चौकीत गेले आणि म्हटलं, मी वयाने मोठी आहे, काकूंची चप्पल माझ्या हातात दे. तो म्हणाला, "तुम्ही घरच्या नाही ना, मावशी." मी म्हटलं, मग घरचं कोण उरलंय, तूच ना? तू ने. तो शिट्टी उचलून गेटाकडे गेला.

मी वर गेले. काकू खिडकीत होत्या, एक पाय चपलेत आणि दुसरा अनवाणी, पोटाशी घेतलेला. मी म्हटलं, काकू, चला, माझी चप्पल घाला, जरा खाली फिरून येऊ. त्यांनी मान हलवली. माझ्या हातावर हात ठेवला, अगदी समजूत घालावी तसा.

"तुझी कशाला? ह्यांना यायला उशीर झाला असेल. ते काही ठेवून घेत नाहीत कुणाची. संध्याकाळपर्यंत घेऊन येतील."